पुढे ढकललेल्या तारखा

शुक्रवारी सकाळी थोरली सून दुकानातल्या फ्रेमा पुसून परत काचेच्या कपाटात लावत होती. गिऱ्हाईक अजून यायचं होतं. तेवढ्यात सासूबाई आतल्या जिन्याने खाली आल्या, दारातून रस्त्याकडे एकदा बघून घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "धाकटीची तारीख कधी आहे गं?"

"मला काय माहीत, आई? तिलाच विचारा."

"विचारलं. म्हणते, लक्षात नाही. हल्लीच्या मुलींना सगळं लक्षात राहतं, तेवढंच राहत नाही."

कसली तारीख, हे त्या घरात कुणी विचारत नसे. वर्षातून एकदा देवाला जायचं ठरलं की बायकांच्या तारखांची अशी दबक्या आवाजात चौकशी सुरू व्हायची. पुरुषांनी रजा बघायची, गाडी बघायची, अभिषेकाचा दिवस पुजाऱ्याकडून ठरवून घ्यायचा. आणि तो दिवस एकदा ठरला की बायकांनी आपापल्या शरीराला त्या दिवसाशी जुळवून घ्यायचं. शरीर जुळवून घेत नसेल तर शेजारी औषधांचं दुकान होतंच.

घर मध्यम, खाऊनपिऊन सुखी. खाली चष्म्याचं दुकान, वर राहण्याच्या खोल्या. दुकान सासऱ्यांनी काढलेलं. आता ते फक्त सकाळी येऊन वर्तमानपत्र वाचत बसायचे. गल्ल्यावर थोरला मुलगा. दुकानामागच्या अंधाऱ्या खोलीत थोरली डोळे तपासायची. लग्नानंतर रीतसर शिकून घेतलं होतं तिने. "आता बघा, ही काच बरी की ही?" हे वाक्य ती दिवसभरात इतक्यांदा म्हणायची, की घरी भाजी वाढतानाही तिच्या तोंडून ते निसटायचं आणि सगळे हसायचे. धाकटा एका कारखान्यात पाळीने कामाला जाई. थोरलीची लेक शाळेत. धाकटी काउंटरवर उभी राहून फ्रेमा दाखवायची. कुठल्या चेहऱ्याला काय शोभेल हे तिला लांबूनच कळायचं. "काका, ही घेऊ नका, हिच्यात तुम्ही रागीट दिसता," असं ती गिऱ्हाइकाला तोंडावर सांगे, आणि काका मुकाट दुसरी घेत.

देऊळ दिवसभराच्या प्रवासावर, डोंगराच्या खांद्यावर होतं. काळ्या दगडाचं, इतकं जुनं की ते कुणी बांधलं याबद्दल तिथल्या पुजाऱ्यांतही एकमत नव्हतं. पायऱ्या माणसांच्या पावलांनी मधोमध झिजून खोलगट झालेल्या. आत गाभाऱ्यात एवढासा दिवा आणि दगडी गारवा. थोरलीला ते देऊळ मनापासून आवडायचं. तिथे गेलं की तिला वाटे, आपल्या आधी किती माणसं आपली गाऱ्हाणी घेऊन इथे उभी राहिली असतील, आणि त्यांच्यातलंच आपण एक आहोत.

सासूबाईंचं त्या देवळाशी नातं वेगळं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत त्या तीनदा तिथवर गेल्या आणि तिन्ही वेळा ऐनवेळी त्यांची अडचण आली. तिन्ही वेळा त्या पायथ्याशी एका दगडावर, घरच्यांच्या चपला राखत बसल्या. वय सरल्यावरच त्यांना देव दिसला. म्हणून त्या सुनांना म्हणायच्या, "आमच्या वेळी गोळ्या नव्हत्या. तुमचं नशीब थोर. एक गोळी घेतली की झालं, कुणी तुम्हाला बाहेर बसा म्हणत नाही." हे त्या जाच म्हणून सांगत नव्हत्या. थंडीत कुणाच्या अंगावर शाल टाकावी, तशा मायेने त्या सुनांच्या हातावर गोळ्यांचं पाकीट ठेवायच्या. थोरलीनेही आजवर कितीदा तरी ते घेतलं होतं, तोंडातून ब्र न काढता.

त्या वर्षी थोरलीला गरज नव्हती. तिची पाळी नुकतीच होऊन गेली होती. धाकटीची मात्र नेमकी अभिषेकाच्या दिवशी येणार असा हिशेब निघाला. सासूबाई शेजारी गेल्या आणि काळ्या पिशवीत पाकीट घेऊन आल्या. धाकटीने गोळ्या सुरू केल्या.

आणि मग घोडं पेंड खाऊ लागलं.

आधी धाकट्याची रजा रद्द झाली. कारखान्यात कुणीतरी आजारी पडलं आणि त्याची पाळी याच्या गळ्यात आली. अभिषेक पुढच्या आठवड्यावर गेला. "थांबवू नकोस हं मधेच," सासूबाई म्हणाल्या, "मधे थांबवलीस तर नेमकी त्याच दिवशी येईल." पुढच्या आठवड्यात गाडीवाल्याने ऐनवेळी हात वर केले. मग सासऱ्यांना खोकला झाला. मग परत एकदा धाकट्याची रजा. दर वेळी पुरुष मंडळी बाहेरच्या खोलीत बसून "बघू, पुढच्या शुक्रवारी जमवू" म्हणत उठायची, आणि दर वेळी आत धाकटी नवं पाकीट फोडायची. हे त्यांच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी विचारलंही नव्हतं.

एका संध्याकाळी दुकान बंद करताना थोरलीचं लक्ष धाकटीच्या पायाकडे गेलं. डाव्या पायावर चपलेच्या पट्ट्याचा वळ खोल उमटला होता. उजव्या पायावर काहीच नव्हतं.

"पाय सुजलाय तुझा."

"उभं राहून राहून झालं असेल, ताई. पोटरी पण दुखतेय."

"एकाच पायावर उभी राहतेस का तू?"

धाकटी हसली. थोरलीला हसू आलं नाही. तिने सासूबाईंना सांगितलं. "चालली की उतरेल," त्या म्हणाल्या. तिने औषधवाल्याला विचारलं. तो गिऱ्हाइकाला सुटे पैसे देता देता म्हणाला, "वहिनी, अर्धं गाव घेतं त्या गोळ्या. काही होत नाही." तिने नवऱ्याला सांगायचा प्रयत्न केला. "तुमच्या बायकांच्या भानगडीत मला ओढू नकोस," एवढं बोलून त्याने कूस बदलली. डॉक्टरकडे चल म्हणून ती धाकटीच्याच मागे लागली, तर धाकटी म्हणाली, "आता शुक्रवारी नक्की जातोय ना. आल्यावर दाखवू." थोरली चडफडली आणि गप्प बसली. एकच गोष्ट चौघांना सांगून झाल्यावर पाचव्यांदा सांगण्याची माणसाला लाज वाटू लागते. तशी तिला वाटली.

अखेर शुक्रवार उजाडला. गाडी आली, रजा मिळाली, खोकला थांबला. थोरलीची पुढची पाळीही दोन दिवसांपूर्वीच आटोपली होती. पायथ्याशी चपला काढताना धाकटी थोडी धापा टाकत होती. उपास आहे म्हणून असेल, असं सगळ्यांनी आपापल्या मनाशी ठरवलं. अर्ध्या पायऱ्या चढून ती थांबली. "ताई, छातीत काहीतरी..." एवढं म्हणाली आणि झिजलेल्या पायरीच्या त्या खोलगट जागेत खाली बसली, बसल्या जागी आडवी झाली. येणारे-जाणारे भाविक थांबले. कुणी पाणी मारलं, कुणी अंगारा पुढे केला. धाकट्याने तिला उचलली आणि अनवाणीच धावत खाली आणली. तिचे ओठ निळसर दिसत होते.

पायथ्याच्या गावात लहानसा दवाखाना होता. तिथली डॉक्टरीण तरुण होती. तिने पटापट नाडी बघितली, छाती तपासली.

"यांना कसली औषधं चालू आहेत?"

"कसलीच नाहीत," सासूबाई म्हणाल्या.

"एखादी गोळी, इंजेक्शन? नीट आठवून सांगा."

"नाही हो. ठणठणीत पोर आहे आमची. उपासाने झालं असेल."

खोलीत सासरे होते, दोन्ही मुलगे होते, गाडीवाला दाराशी उभा होता. थोरलीने तोंड उघडलं. तिची नजर सासऱ्यांवर गेली आणि शब्द घशातच राहिला. इतक्या वर्षांत त्या माणसासमोर तिने तो शब्द उच्चारला नव्हता. डॉक्टरणीने मान डोलावली, सलाइन लावायला सांगितलं. धाकटीचा श्वास भात्यासारखा वर-खाली होत होता. सासूबाई पदराआड देवाचं नाव घेत होत्या. त्याच तोंडाने त्या आत्ताच खोटं बोलल्या होत्या, आणि आपण खोटं बोललो असं त्यांना वाटतही नव्हतं. ती गोळी म्हणजे औषध असं त्यांनी कधी धरलंच नव्हतं.

"डॉक्टर," थोरली म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेते ती. महिना उलटून गेला. रोज. आणि तिचा डावा पाय सुजलाय."

गाडीवाला दारातून बाजूला झाला. सासऱ्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरात डोळे खुपसले. डॉक्टरणीने हातातलं टाकलं, धाकटीच्या पायावरची साडी वर केली, दोन्ही पोटऱ्यांवर हात ठेवून बघितलं आणि परिचारिकेला म्हणाली, "ऑक्सिजन लाव, आणि मोठ्या इस्पितळात फोन कर. आत्ताच्या आत्ता." मग ती थोरलीकडे वळली. "हे आधी का नाही सांगितलं?"

पुढे कितीतरी दिवस तो प्रश्न तिच्या कानात तसाच राहिला.

पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती आणि तिचा तुकडा फुफ्फुसात जाऊन अडकला होता. सगळ्यांनाच होतं असं नाही, मोठ्या इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, पण ज्यांना होतं त्यांना कळेपर्यंत उशीर झालेला असतो. तपासणी न करता, कुणाला न विचारता इतके दिवस या गोळ्या घ्यायच्या नसतात. धाकटी वाचली. अगदी काठावरून परत आली. घरी आली तेव्हा जिना चढताना तिला दोनदा बसावं लागलं. पुढे कितीतरी महिने रक्त पातळ ठेवायची औषधं, पुन्हा पुन्हा तपासण्या. मूल होऊ द्यायचं दोघा नवराबायकोच्या मनात होतं. ते डॉक्टरांनी इतक्यात नको म्हणून सांगितलं. त्या गोळ्या तर जन्मात पुन्हा नाहीत. काउंटरवर ती परत उभी राहायला लागली, पण आता जवळ एक उंच स्टूल असे. गिऱ्हाइकांना ती पूर्वीसारखं तोंडावर काही सांगत नसे. जे मागतील ते काढून देई.

घरात त्या गोष्टीवर कुणी बोललं नाही. शेजारीपाजाऱ्यांनी विचारलं तर सासूबाई सांगायच्या, "चढण सोसली नाही पोरीला." औषधवाला तर काही झालंच नाही अशा थाटात पूर्वीसारखा "काय वहिनी, कसं काय" विचारत राहिला. थोरलीने एकदा त्याला सगळं सांगितलं. तो क्षणभर ओशाळला, मग म्हणाला, "मी नाही दिल्या तर पलीकडचा देतो. बायका मागतात, वहिनी. मी काय घरी नेऊन देतो का?"

इस्पितळात धाकटी अंथरुणाला खिळली होती तेव्हा सासूबाईंनी नवस बोलला होता, की ही वाचली तर सगळ्या कुटुंबाला घेऊन दर्शनाला येईन. वर्ष होत आलं तसा त्यांनी विषय काढला. कुणाची ना नव्हती. थोरलीलाही जायचं होतं. धाकटी वाचली होती, आणि त्या गार अंधारात उभं राहून हात जोडावेत असं तिला आतून वाटत होतं. अभिषेकाचा दिवस धाकटीच्या तारखा बघून धरला. तेवढं शहाणपण सासूबाईंनी दाखवलं. तेव्हा थोरलीला वाटलं, चला, काहीतरी कळलं म्हणायचं.

त्यानंतर काही दिवसांनी दुपारी ती जेवायला वर आली. स्वयंपाकघरात तिची लेक ओट्याला टेकून उभी होती. एका हातात पाण्याचा पेला, दुसऱ्या तळहातावर बारीक पांढरी गोळी. लेक शाळेत सातवीला. तिची पाळी सुरू होऊन वर्षही झालं नव्हतं. टेबलावर सासूबाईंच्या पुढ्यात काळी पिशवी होती आणि तिच्यातून दोन पाकिटं डोकावत होती.

थोरलीने लेकीच्या तळहातावरची गोळी उचलली.

"आई, ही कशाची गोळी?"

"तुला ठाऊक आहे कशाची. ओरडू नकोस, बाहेर ते बसलेत."

"मी ओरडत नाहीये. कुणाला दिलीत?"

"अगं, तिचं अजून धड नेमाने होत नाही. वाटेत आली तर काय करशील? आणि तुझीही तारीख जवळच आहे. दोघींनी घ्या. थोडेच दिवस."

"धाकटीचं काय झालं ते बघितलंत ना तुम्ही?"

"डॉक्टरांनी तिला मनाई केलीय. हिला नाही केली."

थोरलीला वाटलं, आपण भिंतीशी बोलतोय. भिंतीशी बोलणं परवडलं, भिंत निदान उलट मायेने बघत नाही. "हिला नाही केली, कारण हिच्याबद्दल तुम्ही विचारलंच नाहीत. विचारलंत का?"

"प्रत्येक गोष्ट काय डॉक्टरला विचारायची? देवाचं आहे हे."

"देवाचं असेल तर देवाला विचारा. औषधवाल्याला काय विचारता?"

तिचा आवाज चढला होता. बाहेरच्या खोलीतून सासरे आले, मागून नवरा आणि धाकटा. धाकटी आतल्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. नवऱ्याने परिस्थिती बघितली आणि नेहमीचं वाक्य काढलं, "कशाला वाढवतेस उगाच?"

"वाढवते कारण आजवर कुणी वाढवलं नाही," थोरली म्हणाली. "बाबा, तुम्ही सांगा. आम्ही पाळीत देवळात जायचं नाही, असं तुमचं म्हणणं आहे का?"

सासऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मला काय कळतं त्यातलं? ते तुमचं बायकांचं आहे."

"आमचं आहे ना? मग आम्ही ठरवतो." तिने पिशवीतली दोन्ही पाकिटं उचलली आणि मुठीत धरली. "आम्ही देवाला येऊ. सगळ्या येऊ. पण जशा असू तशा येऊ. त्या दिवशी पाळी आली तर आली. कुणी गोळी खाणार नाही आणि कुणी पायथ्याशी चपला राखत बसणार नाही. हे चालणार नसेल तर नवस तुमचा तुम्ही फेडा, आम्ही घरी राहतो."

सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खरं पाणी होतं. "ती वाचावी म्हणून मी नवस बोलले, आणि तोच तुम्ही विटाळायला निघालात."

"ताई, जाऊ दे ना," धाकटी दारातून म्हणाली. "तुम्ही सगळे जाऊन या. वाटलं तर मी बाहेर बसेन, मला काही वाटणार नाही. माझ्यावरून भांडण नको."

थोरलीला सासूबाईंचा आला नव्हता इतका राग धाकटीचा आला. मरणाच्या दारातून परत आलेली ही बाई, आणि अजून म्हणते, मला काही वाटणार नाही. डोळे भरून आले, ते तिने लेकीसमोर पुसले नाहीत.

बोलला तो धाकटा. त्या घरात तो फारसा बोलत नसे. "तू बाहेर बसणार नाहीस," तो बायकोला म्हणाला. "आई, माझी रजा दोनदा रद्द झाली. मी इथे येऊन म्हटलं, पुढच्या शुक्रवारी बघू. मला कुणी सांगितलं असतं की त्यापायी ही रोज..." त्याने टेबलावरची रिकामी पिशवी चुरगळली. मग तो म्हणाला, "वहिनी म्हणतात तसंच होईल. नाहीतर मी गाडी सांगत नाही."

ठरल्या दिवशी सगळे गेले. आणि व्हायचं तेच झालं. पायथ्याशी नळावर पाय धुताना थोरलीला कळलं, की तिची पाळी आली आहे. तशी तयारी तिने ठेवली होतीच. बायकांच्या आडोशाला जाऊन ती आली, आणि न सांगता वर चढून जाणं किती सोपं आहे हे तिच्या लक्षात आलं. कुणालाही कळलं नसतं. घरातली शांतता टिकली असती.

"आई, मला पाळी आली आहे," ती सासूबाईंना म्हणाली. आवाज नेहमीचा, गिऱ्हाइकाला चष्म्याचा नंबर सांगावा तसा. "मी वर येतेय. तुम्हाला न सांगता येणं मला पटेना."

सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं नाही. नळाजवळ पायवाटेच्या कडेला एक बसका दगड होता, त्याच्यावर त्या जाऊन बसल्या. "तुम्ही जा. मी येत नाही."

"आई, नवस तुमचा आहे."

"जा म्हटलं ना."

लेक आजीजवळ घुटमळली. "आजी, चल ना. इथे काय करशील बसून?"

"मला सवय आहे इथे बसायची," सासूबाई म्हणाल्या. "ह्याच दगडावर बसायचे मी. तुझा बाबा कडेवर होता तेव्हा त्याला पण वर घेऊन गेले होते. वरून घंटा ऐकू यायची."

"तुला राग नाही आला?"

सासूबाईंनी सगळ्यांच्या चपला गोळा करून दगडाच्या आडोशाला ओळीने लावायला घेतल्या. पोरीने उत्तराची वाट बघितली. मग ती पायऱ्या चढून आईच्या बरोबरीला आली, पण प्रत्येक वळणावर मागे वळून बघत होती.

गाभाऱ्यात नेहमीसारखाच गारवा होता. दिवा नेहमीसारखाच जळत होता. पुजाऱ्याने सर्वांच्या हातावर तीर्थ दिलं, थोरलीच्याही दिलं, आणि पुढच्या माणसाकडे वळला. धाकटीने डोळे मिटले होते आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. तिच्यामागे धाकटा तिला धक्का लागू नये म्हणून दोन्ही हात पसरून उभा होता. थोरलीला वाटलं होतं, आपल्याला भीती वाटेल, निदान आपण काहीतरी जिंकलो असं तरी वाटेल. तसलं काही झालं नाही. तिला फक्त संताप आला, आणि तो आवरता आवरेना. एवढ्याचसाठी? एवढ्या एका साध्या, थंड, शांत खोलीत दोन मिनिटं उभं राहण्यासाठी एक बाई जन्मभर दगडावर बसली, आणि दुसरी मरता मरता वाचली. तिने हात जोडले. मागायचं काही आठवेना. खाली बसलेल्या म्हातारीला आज तरी राग येऊ दे, एवढंच ती मनात म्हणाली.

सासूबाईंना राग आला की नाही, हे कुणाला कळलं नाही. परतीच्या वाटेत त्यांनी प्रसाद घेतला, कपाळाला लावला आणि पदराच्या टोकाला बांधून ठेवला. खाल्ला नाही. घरी आल्यावर थोरलीशी त्यांचं बोलणं "जेवण वाढलंय" आणि "दुकानात कुणी आलंय" एवढ्यावर आलं. नवरा मधूनमधून सांगत राहिला, "तू एकदा माफी माग, विषय मिटेल." ती म्हणायची, "कशाची मागू ते सांग, मागते."

त्यानंतर एका दुपारी डोळे तपासायला एक बाई आली. चाळिशीची, बोलकी. धाकटीने तिला आत आणून सोडलं. वाचायला त्रास होतो, शिवाय दोन आठवड्यांनी मैत्रिणींबरोबर देवदर्शनाला निघालेय, तेव्हा चष्मा लवकर द्या, असं ती म्हणाली. कुठलं देऊळ, हे तिने न विचारता सांगितलं. थोरलीने तिची हनुवटी यंत्रावर ठेवली, दिवा मालवला, काच फिरवली.

अलीकडे ती एक प्रश्न सगळ्याच बायकांना विचारत असे. काही हसून विषय बदलायच्या. एक जण तर चष्मा न घेताच उठून गेली होती, आणि त्यावरून नवरा दोन दिवस धुमसत होता.

"प्रवासासाठी पाळीच्या गोळ्या घेताय का?"

बाई अंधारात चपापली. "अगं बाई, तुम्हाला कसं कळलं? आत्ताच शेजारून घेतल्या. आमच्या सगळ्याच जणी घेतात. काही होत नाही हो त्याने."

"कुणी सांगितलं, काही होत नाही?"

"तेच म्हणाले की, दुकानवाले."

थोरलीने दिवा लावला, यंत्र बाजूला सारलं आणि आपलं स्टूल तिच्यासमोर ओढून घेतलं. "मघाशी तुम्हाला आत घेऊन आली ना, ती माझी जाऊ," ती म्हणाली. "तिचं काय झालं ते ऐका, मग ठरवा."

बाहेरून नवऱ्याचा आवाज आला. "अगं, झालं का? इथे चौघं थांबलेत."

"थांबू देत," थोरली म्हणाली, आणि पहिल्यापासून सांगायला लागली.